मावशींच्या तेलात काय होतं

त्या तक्रारीतलं सगळं मला आजही जसंच्या तसं आठवतं. विसरण्याचा प्रयत्न मी पुष्कळ केला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, फसवणूक असे कितीतरी गुन्हे तपासले. त्यांतल्या बहुतेकांचे तपशील आता डोक्यातून गेले आहेत. ही तक्रार तर गुन्हा म्हणून दाखलही झाली नव्हती. तिच्याबद्दल मी स्टेशन डायरीत चार ओळी लिहिल्या. त्यातली एकही ओळ खोटी नव्हती, तरी चारही ओळी मिळून एक खोटी गोष्ट उभी राहिली. ती दुरुस्त करण्यासाठी हे लिहितो आहे. यात कुणाचंही नाव येणार नाही.

तेव्हा मी नवी मुंबईतल्या एका ठाण्यात गुन्हे निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती आणि मी रात्रपाळीची डायरी बघत होतो, तेवढ्यात जवळच्या एका मोठ्या सोसायटीच्या अध्यक्षांचा माझ्या मोबाइलवर फोन आला. गणपतीच्या बंदोबस्ताच्या निमित्ताने आमची ओळख होती. ते म्हणाले, "साहेब, आमच्या गेटवर एका बाईला बसवून ठेवलंय. बाळांना मालिश करते. हिच्या तेलाने एका बाळाच्या अंगावर केस उगवलेत. पब्लिक तापलंय, लवकर कुणाला तरी पाठवा."

मी एक महिला हवालदार आणि एक शिपाई पाठवला. अर्ध्या तासात ते त्या बाईंना घेऊन आले. पाठोपाठ तक्रारदार कुटुंब आलं.

बाई दिवाळे गावच्या, खाडीकाठच्या. वय साठीकडे झुकलेलं, अंगाने काटक, हातात एक कापडी पिशवी. त्या भागातल्या सोसायट्यांमध्ये सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. आपल्याकडे बाळंतीण आणि बाळाला तेल लावून अंघोळ घालायला बाई ठेवतात, ते काम त्या पंचवीस वर्षं करत होत्या. नारळाचं तेल घरी काढायच्या. मालिश झाली की डाळीचं पीठ, हळद आणि साय यांचा मऊ गोळा करून बाळाच्या कपाळावरून, पाठीवरून फिरवायच्या. त्याने जन्मजात लव निघून जाते. मावशींची ख्याती त्याच कामासाठी होती. त्यांच्या हाताखालून गेलेलं बाळ लोण्यासारखं गुळगुळीत होतं, असं बायका एकमेकींना सांगायच्या. आणि आता त्यांच्याच हाताखालच्या एका तीन महिन्यांच्या मुलीच्या कपाळावर, गालावर, पाठीवर काळे केस आले होते.

तक्रार बाळाच्या आजीने दिली. कुटुंब मूळचं साताऱ्याकडचं, आजोबा बाजारात हमालीपासून वर आलेले. सुनेची आई आजारी असल्यामुळे पहिलं बाळंतपण सासरी झालेलं. आजीने मोबाइलमधले फोटो दाखवले. मी दोन मुलांचा बाप आहे, पण तसं बाळ मी कधी पाहिलं नव्हतं. कपाळावर भुवयांपर्यंत केस उतरले होते. डाव्या गालावर तर कल्ल्यासारखी दाट रेघ. शिवाय बाळाच्या छातीची धडधड वाढली म्हणून त्याला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. सगळ्या तपासण्या नीट आल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले होते की कसल्यातरी औषधाचा संपर्क आला असावा, घरात काय काय वापरता ते आठवून सांगा. घरच्यांना एकच गोष्ट आठवली, तेल.

"मुलगी आहे हो साहेब," आजी म्हणाल्या. "मुलाचं एक वेळ चाललं असतं. हिच्याकडे उद्या कोण बघणार?"

बाळाची आई शेजारी नुसती रडत होती. वडील मागे उभे होते. वय तिशीच्या थोडं पुढे, चांगल्या कंपनीत नोकरी, घरून काम करणारे.  सही करायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "आईच करेल सही."

मावशींना मी माझ्यासमोर बसवलं. आवाज चढवला नाही, हात उचलला नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. पोलीस ठाण्यात माणसाला नुसतं बसवून ठेवलं तरी पुरतं. त्यांना मी सलग तीन दिवस सकाळी दहाला बोलावलं आणि संध्याकाळी सहाला सोडलं. मधल्या वेळात विचारायचं ते अर्ध्या तासात संपत असे. उरलेला वेळ त्या ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर बसून असत.

तेलात काय घालता, हा माझा प्रश्न. नारळ कुठून आणता, कुणी बाटली दिली का, कुठल्या दुकानातून काही आणलं का, हे सगळं फिरवून फिरवून विचारलं. उत्तर दर वेळी तेच यायचं.

"मी लव काढते, सायेब. लावीत नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला एक प्रश्न विचारला. "माजा हात दोनी गालांव सारकाच फिरतो. मंग एकाच गालाव केस दाट कशे? डाव्याच? तुमीच सांगा."

नोकरीत एक गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी शिकवायचो. खोटं बोलणारा माणूस विचारलेल्याचं उत्तर देतो आणि गप्प बसतो. निर्दोष माणूस मात्र पोलिसालाच कोडं घालतो, कारण त्यालाही उत्तर हवं असतं. हे मला माहीत होतं. तरीही जबाब लिहिणाऱ्या महिला हवालदाराने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "ते नको लिहू. उगाच फाटे फुटतात." तिने लिहिलं नाही.

ठाण्यात त्या तीन दिवसांत चेष्टाही झाली. आमच्याकडे एक जुना हवालदार होता, डोक्यावर एक केस नाही. तेलाची बाटली ताब्यात घेताना तो म्हणाला, "साहेब, मुद्देमालात जमा करायच्या आधी दोन थेंब इकडे ओता की. आमचंही कल्याण होऊ द्या." सगळे हसले, मीही हसलो. मावशी समोरच्या बाकावर होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं.

आता फोटोबद्दल सांगतो, कारण खरी चूक ती आहे.

पहिल्याच दिवशी मी मावशींचा फोटो काढायला लावला. समोर टेबलावर तेलाची बाटली, मागे भिंतीवर ठाण्याचा फलक. त्या वेळी त्या आरोपी नव्हत्या. गुन्हाच नव्हता, फक्त अर्ज होता आणि त्यावर प्राथमिक चौकशी चालू होती. तरी तो फोटो मी माझ्या मोबाइलवरून सोसायटीच्या अध्यक्षांना पाठवला. खाली लिहिलं की या महिलेबद्दल आणखी कुणाची तक्रार असल्यास ठाण्याशी संपर्क साधावा. चोर पकडला की आम्ही असं करायचो, म्हणजे जुने फसलेले लोक पुढे यायचे. हात त्या सवयीनेच चालला. संध्याकाळपर्यंत तो फोटो नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, अगदी खांदेश्वरपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला.

नवीन तक्रार एकही आली नाही. फोन मात्र आले. त्यातले तीन पुरुषांचे होते. तिघांनीही आडूनआडून विचारलं की साहेब, ते तेल मिळतं कुठे. त्या वेळी मला त्याचं हसू आलं. थांबून विचार केला असता तर त्या फोनमध्येच मला दिशा सापडली असती. या शहरात किती पुरुष आरशासमोर उभे राहून आपले केस मोजतात, हे तेव्हा मला कळायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या घरात एक होता.

माझा धाकटा मुलगा तेव्हा एकोणतीस वर्षांचा. कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकत चाललेलं आणि टाळूवर विरळ. त्याच्यासाठी मुली पाहणं चालू होतं. तो सकाळ-संध्याकाळ डोक्याला एक औषध लावायचा. पाण्यासारखं पातळ, ड्रॉपरने मोजून टाळूवर सोडायचं आणि बोटांनी पसरायचं. मिनॉक्सिडिल त्याचं नाव. सुरुवातीला केस आणखी गळतात, मग चार-सहा महिन्यांनी थोडे येतात. सोडलं की आलेलेही जातात, त्यामुळे एकदा धरलं की धरलंच. त्याला स्पिरिटसारखा वास येतो आणि वाळलं की पांढरी पूड उरते. बायको रोज कुरकुर करायची की उशीच्या अभ्र्यांवर मीठ सांडल्यासारखं दिसतं, सून घरात आली की तिला काय सांगायचं. पाहुण्यांसमोर या औषधाचं नाव काढायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. ठरवणारा मीच.

दहा-बारा दिवसांनी बाळाच्या आईचा पुरवणी जबाब घ्यायचा राहिला होता म्हणून मी स्वतः त्या घरी गेलो. दुपारची वेळ. दार वडिलांनी उघडलं. अंगात काळा टी-शर्ट, डाव्या खांद्यावर बाळ झोपलेलं. बायको अंघोळीला गेली आहे, बसा, म्हणाले. बाळाचं डोकं त्यांच्या डोक्याला टेकलेलं होतं, डावा गाल त्यांच्या कानाच्या वरच्या बाजूला, केसांना चिकटलेला. उजव्या हाताने ते बाळाच्या पाठीवर थोपटत होते. काळ्या टी-शर्टच्या गळ्यापाशी पांढरी पूड पडली होती. मी जवळ गेलो तर तोच वास.

मी काही विचारलं नाही. बाळ नेहमी तुमच्याकडेच झोपतं का, एवढंच म्हणालो.

"हो सर, माझ्याच खांद्यावर. दुसऱ्या कुणाकडे झोपतच नाही," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं. मग माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं आणि हात थांबला.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी एकट्याने ठाण्यात यायला सांगितलं. येताना डोक्याला काय लावता ते घेऊन या, असंही सांगितलं.

ते आले. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. लेबल खरवडून काढलेलं. घरी ती दाढीनंतर लावायचं पाणी म्हणून ओळखली जात होती. मी खोलीचं दार लावून घेतलं. शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि लेखनिकाला बाहेर बसवलं. म्हणजे लिहून काहीच घ्यायचं नाही, हे मी ते बोलायच्या आधीच ठरवलं होतं.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"पाच. लग्नाच्या आधीपासून."

"घरात कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही सर. आईलापण नाही. बायकोच्या घरच्यांनी तर पहिल्या भेटीतच म्हटलेलं, मुलाचे केस छान आहेत." ते थोडे हसले.

"लावल्यावर हात धुवायचे असतात."

"धुतो. पण ती रडायला लागली की पटकन उचलतो ना. बायको थकलेली असते."

मग मी तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला नको होतं. आई तक्रार द्यायला आली तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?

 ते टेबलाच्या काचेकडे पाहत म्हणाले, "डॉक्टर औषधाचं बोलले त्या दिवशी मी खोक्यातला कागद काढून वाचला. त्यात लहान मुलांपासून लांब ठेवा असं होतं. मला तेव्हाच धस्स झालं. पण तोपर्यंत आई सगळ्यांना तेलाचं सांगून बसली होती. अख्खी बिल्डिंग जमा झाली होती, सर. मी काय बोलणार होतो?"

"त्या बाई तीन दिवस इथे बाकावर बसल्या होत्या."

"मला माहीत आहे. मी बाईकवरून इथून जायचो तेव्हा बघायचो." मग त्यांनी हात जोडले. "आजपासून बंद करतो. डॉक्टरांना जाऊन एकटा सांगतो. पण घरी नको, सर. माझ्यामुळे मुलीला झालं, हे बायकोला कळलं तर ती मला पुन्हा मुलीला हात लावू देणार नाही."

तो माणूस वाईट नव्हता. वाईट माणसं ओळखण्यात माझी हयात गेली. तो घाबरलेला होता, आणि सगळ्यांपेक्षा त्याला आपलं पोर प्यारं होतं. मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर काय म्हणाले ते मी फोन करून खात्री करून घेतलं. औषधाचा संपर्क थांबला की काही महिन्यांत केस आपोआप जातील, धडधडही थांबेल, असं त्यांनी सांगितलं. बाळाच्या बाजूने प्रश्न सुटला होता. त्याने आईला समजावलं, आणि पुढे कारवाई नको असं आजींनी लिहून दिलं.

मग मी डायरीत लिहिलं. अर्जाची चौकशी केली. कोणताही दखलपात्र गुन्हा उघड झाला नाही. तक्रारदारास पुढे कारवाई नको आहे. अर्ज दप्तरी दाखल. तेलाची बाटली प्रयोगशाळेत पाठवलीच नाही, कारण अहवाल आला असता तर तो कागदावर राहिला असता.

हे मी का केलं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझ्या मुलाचं लग्न ठरत होतं, त्या बापात मला माझा मुलगा दिसला, एक संसार वाचवला. ते कारण पूर्ण खोटं नाही. पण खरं कारण फोटो होता. मावशी निर्दोष आहेत हे कागदावर आणलं असतं, तर निर्दोष बाईचा ठाण्यातला फोटो गावभर कुणी पाठवला, हा प्रश्न पहिला आला असता. तो माझ्या मोबाइलवरून गेला होता. दोन वर्षांवर निवृत्ती होती. मला चौकशी नको होती.

पुढचं मी हिशेबात धरलं नव्हतं. तीन-चार महिन्यांत बाळाचे केस झडून गेले, आणि सोसायटीने त्याचा सरळ अर्थ लावला. त्या बाईचं तेल बंद केलं आणि पोर बरं झालं. म्हणजे तेलातच होतं. बाळ बरं होणं हाच मावशींविरुद्धचा पुरावा ठरला. त्यांची उरलीसुरली दोन घरंही सुटली.

मावशी ठाण्यात परत आल्या. पहिल्यांदा बाटली मागायला आल्या, ती मी दिली. दुसऱ्यांदा कागद मागायला आल्या.

"सायेब, मना कागद द्या. हिनं काय केला नाय, असा लिवलेला. मी दारोदार दावीन."

मी त्यांना नियम सांगितला. नियम खरा होता. तुमच्यावर गुन्हाच दाखल झालेला नाही, मग निर्दोष सुटल्याचा कागद कशाचा देणार? असा नमुनाच नसतो. त्यांना ते समजलं नाही, आणि समजावं अशी माझी इच्छाही नव्हती. त्या आणखी चार-पाच वेळा आल्या. आत येत नसत, पायरीवर बसायच्या. मी मागच्या दाराने जीपकडे जायला लागलो. मग त्या यायच्या बंद झाल्या. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मी निवृत्त झालो. मुलाचं लग्न झालं. गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. सुनेच्या मदतीला मालिशवाली बाई शोधणं सुरू झालं, तेव्हा शेजारच्या एक बाई आमच्या हॉलमध्ये बसून माझ्या बायकोला म्हणाल्या, "पूर्वी दिवाळ्याच्या एक मावशी होत्या, हात फार चांगला. पण तिच्यावर पोलीस केस झाली ना. तेलात काहीतरी घालायची." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्याच ठाण्यात झालेली ना हो ती केस?"

मी म्हणालो, केस नव्हती. त्या म्हणाल्या, फोटो तर आम्ही सगळ्यांनी पाहिला. 

आठवड्याने मी एक कागद लिहिला, खाली सही केली आणि दिवाळ्याला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. मावशी अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. बऱ्याच वाकल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. "सायेब, पोट सुटला तुमचा," म्हणाल्या आणि बसायला पाट सरकवला.

मी सगळं सांगितलं. औषध, बाळाचा बाप, त्याचा खांदा, डावा गाल. त्या निवडत होत्या तशाच ऐकत राहिल्या. शेवटी हात थांबला.

"म्हंजे तुमाना तवाच ठावं व्हता?"

"हो."

"मी पायरीवर बसायची, तवा?"

"हो, मावशी. तेव्हाही."

त्यांनी सुनेला हाक मारून बाहेर बोलावलं. मला म्हणाल्या, "आता हिला सांगा. असाच, सगला." मी पुन्हा सगळं सांगितलं. सून म्हणाली की आमचा आईंवर कधीच संशय नव्हता, लोकच बोलायचे. घरातून लहान बाळाच्या रडण्याचा आणि कुणी दुसरीच बाई त्याला अंघोळ घालत असल्याचा आवाज येत होता. मावशींनी दाराकडे नुसती मान केली आणि विचारलं, "मंग आत कोन हाय?"

 सून आत निघून गेली.

मी कागद पुढे केला. मावशींनी तो उलटासुलटा करून पाहिला. "शिक्का कुटं हाय?"

"मी आता नोकरीत नाही, मावशी."

त्यांनी तो घडी करून मांडीखाली ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून असेल. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं म्हणून मी म्हणालो की आता तुमच्या नातवाला तुम्हीच अंघोळ घाला, आता कुणी काही म्हणणार नाही.

"हात धजत नाय सायेब," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज साधा होता, त्यात राग नव्हता. "लोकांचा सोडा. मनाच वाटायचा, नारल खराब निंगला आसंल. डब्याला कायतरी लागला आसंल. कोन जाने, झाला आसंल माज्याच हातून. रोज इचार करायची, काय घातला मी, काय घातला. पोराला घेतला तरी हात कापतो."

मी तिथून उठलो आणि घरी आलो.

सोसायटीच्या त्या अध्यक्षांना मी फोन केला आणि ग्रुपवर खरं काय ते लिहा असं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, आता कशाला टेन्शन घेता? कुणाच्या लक्षातपण नाही." बाळाचं कुटुंब दुसऱ्या शहरात गेलं आहे. त्यांचा पत्ता मी शोधलेला नाही. ती मुलगी आता शाळेत जात असेल.

नव्या अधिकाऱ्यांनी यातून काय शिकायचं ते सांगणं माझं काम आहे, म्हणून सांगतो. मी समजत होतो की माणसाला सोडून दिलं की तो सुटला. ज्याला आपण चुकीने पकडतो त्याला आपण निर्दोष आहोत हे तरी ठाऊक असतं, त्याचं बळ त्याच्याजवळ राहतं, अशीही माझी समजूत होती. ती चूक आहे. पोलिसाने तीन दिवस तोच प्रश्न विचारला की साध्या माणसाला स्वतःचीच खात्री वाटेनाशी होते. तो घरी गेल्यावरही आपलीच चौकशी करत राहतो, आणि ती चौकशी बंद करण्याचा अधिकार फक्त खरं माहीत असलेल्या माणसाकडे असतो. इथे तो माणूस मी होतो. कागदाचा नमुना नव्हता हे खरं. पण पायरी उतरून खाली यायला आणि दोन वाक्यं बोलायला कुठलाच नमुना लागत नव्हता. तेवढं केलं असतं तर घरं सुटली असती तरी त्या बाईंचे हात त्यांच्याकडे राहिले असते.

ज्यांनी तो फोटो पाहिला त्यांच्यासाठी लिहितो. त्या बाटलीत नारळाचं तेल होतं, दुसरं काही नव्हतं. फोटो मी पाठवला होता. आणि त्या बाईंचा काही दोष नाही, हे मला फोटो पाठवल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत कळलं होतं.